सात नंबरचा खिळा

१२ जून २००६
डिंभ्याच्या वरच्या वाडीतल्या आयाबापांनो, संगणक तुमच्या पोरांच्या नावावर आले आणि दोन वर्षं कुलपात सडले. आता ते उघडतील, कारण मी आलेय! एसटीतून उतरले तेव्हा धरणावरून गार वारा येत होता. शिपाई गेणभाऊंनी चहा पाजला, खोली दाखवली. दहा संगणक. भिंतीवर एका रेषेत दहा खिळे, त्यांवर हजेरीच्या नंबरानं टांगलेले हेडफोन. कुणी कुणाचा घ्यायचा नाही. पद्धत आवडली.

१४ जून
नऊ हेडफोन गार, सातवा कोमट. तो पाचवीतल्या आरोहीचा. आत कोणी पोरगी बोलते, असं ती म्हणाली. मी कानाला लावला. वायर कशालाच जोडलेली नव्हती, तरी आतून पोरीचा आवाज आला.
"बाई, भिंत चावती."

१५ जून
गेणभाऊंना खडसावलं. मान खाली घालून म्हणाले, "रत्नाचा नंबर व्हता त्यो. मागल्या पावसात तपासणीपुरती खोली उघडली व्हती. ती खिळ्यावरनं हेडफोन काढत व्हती, तेवढ्यात लाईट आली."
तपासणीत रांग सरळ दिसावी म्हणून हेडसरांनी खिळे भिंतीतल्या वायरीवरच ठोकायला लावले होते. पाऊसकाळात भिंतीला ओल चढते. पोर मेली; कागदावर ताप लिहिला. नंबर पुढच्या पोरीला दिला. खिळा आहे तिथंच.

१७ जून
काल सगळे हेडफोन पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. आज पेटीत नऊ. सातवा खिळ्यावर — कोमट.
हेडसर म्हणाले, भुताखेताचं शिकवू नका. सोमवारी तपासणीला साहेब येणार, हेडफोन भिंतीवरच हवेत. भूत रत्ना नव्हे. खोटा कागद लिहून पोटभर जेवतो, तो भूत.

१९ जून
साहेब आलेत. मी बोलू नये म्हणून हेडसरांनी संगणकांच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आरोही हेडफोन घ्यायला आली होती, तीही आत अडकली.
लाईट गेलेली. साडेअकराला येते.

दहाही हेडफोन बोलताहेत —
आरोहीनं सातवा कानाला लावलाय. मुठीत खिळा. म्हणते, रत्ना एकटीय. मी ओढतेय — बोटं सुटत नाहीत —

ओरडले. बाहेर लेझमाचा ढोल —

अकरा सत्तावीस. पान खिडकीतून टाकते. आयाबापांनो, साहेबांच्या स्वागताला शाळेच्या ओट्यावर बसलात, मेन स्विच तुमच्याच डोक्यावर आहे. कुणाला विचारू नका. मेन खाली ओढा. आत्ता ओढा, पंखा फिरायला ला