काल सातला तू आलास की

१२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. लाओसच्या डोंगरातलं हे नदीकाठचं गाव मी मोबाईलच्या नकाशावर इतक्या वेळा बघितलं होतं, की बसमधून उतरल्यावर जुन्या ओळखीचं वाटलं. वय चौतीस, पासपोर्ट नवाकोरा, पाठीवर आठ किलोची सॅक आणि बरोबर कुणी नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बारा वर्षं टॉवेल तपासण्यात गेली. इथं गेस्टहाऊसच्या मालकिणीनं टॉवेल दिला तेव्हाही मी आधी त्याचे काठ उलटून बघितले. ती हसत सुटली. टॉवेल बरा आहे, पण आपल्याकडचा जास्त टिकेल.

अव्वाची, म्हणजे आईची, एकच अट आहे, रोज संध्याकाळी तिकडच्या सातला फोन, म्हणजे इथले साडेआठ. घरात आम्ही दोघंच. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं धूसर झालेत, मी परत गेलो की ऑपरेशन. तोवर समोरच्या झीनतभाभी येऊन-जाऊन असतात. आज फोनवर काय जेवलास म्हणून विचारलं. चिकट भात म्हटल्यावर तिला या अख्ख्या देशाची कीव आली.

१३ नोव्हेंबर

धबधबा बघितला. सुंदर आहे. फोटो काढायला सांगावं असं कुणी नव्हतं, म्हणून नुसता धबधब्याचाच काढला. इथं सगळे जोडीनं नाहीतर घोळक्यानं आलेत. दिवसभरात माझ्या तोंडून चार शब्द निघाले असतील, त्यातले दोन ‘थँक यू’.

सातला अव्वा भरभरून बोलत होती आणि मी नुसता हं हं करत होतो. सहा मिनिटांत फोन ठेवला. घरीही मी असाच. कामावरून यायचं, जेवायचं, मोबाईल घेऊन आडवं व्हायचं. ती उंबऱ्याशी बसून काहीबाही सांगत राहते. इथं एकट्यानं जेवताना ते आठवलं आणि वाईट वाटलं.

१४ नोव्हेंबर

आज सकाळी कुणाचं तोंड बघितलं होतं कोण जाणे. आरशात माझंच बघितलं असणार.

सकाळची बस डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या गाडीत घुसलो, ती भलत्याच रस्त्याला लागली हे दोन तासांनी कळलं. घाटात गाडी बंद पडली. ड्रायव्हरनं खुणेनं थांबा म्हटलं. मी पाय मोकळे करायला ओढ्यावर गेलो, दगडावरून घसरलो आणि खिशातला मोबाईल पाण्यात. तो चाचपडतोय तोवर वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. धापा टाकत वर आलो तर रस्ता मोकळा. सॅक गाडीत, पासपोर्ट सॅकमध्ये. माझ्याकडे उरलं काय, तर कमरेच्या पट्ट्यातले पैसे आणि शर्टाच्या खिशातली ही वही.

मग चालत निघालो. दोन्हीकडं झाडी, माणूस नाही. दीड तासानं राहवेना म्हणून मोठ्यानं बोलायला लागलो, मराठीत. ड्रायव्हरला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या. मग घरचंच बोलत सुटलो. आमची गल्ली, आमचा बाहेरचा जिना, अव्वाचे डोळे. कुणीतरी मागून ऐकत येतंय असं वाटत होतं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. दोनदा वळून बघितलं, कुणी नव्हतं.

अंधार दाट झाला तशी तिकडच्या सातच्या फोनाची आठवण झाली. ती आता फोन मांडीवर घेऊन बसली असेल. त्या मोकळ्या रस्त्यावर मी ओरडून म्हणालो, कुणीतरी जा रे, अव्वाला सांगा काळजी करू नको म्हणून.

त्यानंतर मागची चाहूल थांबली. पुढं एका झोपडीत आसरा मिळाला.

१५ नोव्हेंबर

दुपारी गेस्टहाऊसला परत. मालकिणीचा फोन मागितला. तोंडपाठ नंबर एकच, अव्वाचा.

मी शिवू बोलतोय म्हटलं. तिनं नाव पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “शिवू हितं बसलाय की माज्यापाशी. काल सातला आला. तू कोन?”

आधी मला हसू आलं. काळजीनं बिचारीला काहीतरी भास झाला असणार. समजावायला गेलो तर तिला वाटलं कुणीतरी टवाळी करतंय. तिनं फोन ठेवला.

१६ नोव्हेंबर

आज झीनतभाभींनी फोन घेतला. त्यांचे डोळे चांगले आहेत. त्या आवाजावरून मला लगेच ओळखतात, आजही ओळखलं. आतल्या खोलीतून कशाला फोन करताय म्हणाल्या.

मी म्हटलं, परवाचं नीट सांगा. त्यांनी सांगितलं ते असं: परवा सातला मी जिना चढून आलो. पाठीवर तीच सॅक. चेहरा ओढलेला, तोंडातून शब्द नाही. प्रवासातून आलेल्यावरून ओवाळतात तसा अव्वानं दारातच भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर टाकलं. वाटेत मागं लागून काही आलं असेल तर त्याचा वाटा त्याला बाहेरच मिळावा, त्यानं उंबरा ओलांडू नये, म्हणून.

“त्यो तुकडा तुमी उचलून खाल्लात, शिवूभाई. मातीतला. मला लई कसंतरीच झालं, पन बोलले न्हाय.”

बोलता बोलता भाभी थांबल्या. आतल्या खोलीकडं बघत असाव्यात. मग हळूच विचारलं, “मग तुमी कुटनं बोलतायसा?”

लाओसमधून म्हटलं. फोन त्यांच्या हातून पडल्याचा आवाज आला.

वाटा दिला. पण ज्याच्या मागून ते यायचं, तो माणूस सोबत नव्हताच. एकटं तेच आत गेलं. मीच पाठवलं, त्या रस्त्यावर ओरडून.

१८ नोव्हेंबर

व्हिएन्तिआन. दूतावासात अर्ज दिला. फोटो, पोलिसांचा कागद. परतीचा दाखला मिळायला दोन दिवस. माझी आई एकटी आहे असं मी तिथल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, घरी कुणी नाही का?

काय सांगू.

सातला फोन केला. अव्वा खुशीत. घसा बसलाय त्याचा, बोलत नाही म्हणाली. पण दिवसभर शेजारी बसून असतो. ती लग्नाआधीचं सांगते, माझ्या बापाचं सांगते, तो सगळं ऐकतो. कामाला जात नाही. मोबाईल बघत नाही.

मी रडत म्हटलं, अव्वा, त्याला बाहेर काढ. तो मी नाही.

ती म्हणाली, “तू जेवलास का रं बाबा?”

परक्याला विचारावं तसं.

१९ नोव्हेंबर

भाभी आता आमच्याकडं जात नाहीत. अव्वानंच त्यांना सांगितलं, सोबत नको, शिवू हाय. बोलताना तिला धाप लागत होती. जेवलीस का विचारलं तर भूकच लागत नाही म्हणाली. बसल्या जागेवरून उठावंसंच वाटत नाही.

मला तिच्याशिवाय कुणी नाही.

२० नोव्हेंबर

दाखला मिळाला.

सातला फोन लावला, तिकडं उचलला गेला. कुणी बोललं नाही. मी तासभर बोलत राहिलो — जे कधीच बोललो नव्हतो ते सगळं. पलीकडं कुणीतरी ऐकत होतं.

ती नव्हती. तिचा श्वास मला कळतो.

२१ नोव्हेंबर

बँकॉक. हैदराबाद. सोलापूरची बस.

फोन बंद लागतोय — मागच्या सीटवरच्या माणसाचा मोबाईल मागून घेऊन लावला. बंद.

हुमनाबाद गेलं. लवकर चालव बाबा.

२२ नोव्हेंबर

दुपारचे दोन. जिन्यावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर ओरडत सुटेन.

भाभींच्या दाराला कुलूप. आमचं दार आतून बंद. खूप वाजवलं. अखेर अव्वा दाराशी आली, सरकत आल्यासारखा आवाज. मी म्हटलं, अव्वा, मी शिवू, उघड.

ती म्हणाली, “वळकलं. पैल्या फोनालाच वळकलं तुला.”

मग त्याला आत का ठेवलंस, मी विचारलं.

“माजं डोळं गेलं, हात न्हाय गेलं. ह्याच्या तोंडावरनं हात फिरवला तवाच कळलं, ह्यो माजा न्हाय. पन ह्यो बसतो रं. तू परत जाशीलच की.”

तिचा आवाज किती बारीक झालाय —

मी म्हटलं, नाही जाणार. कामावरही नाही. दिवसभर बसेन, बोलशील ते ऐकेन. ते तुला संपवतंय, अव्वा, उघड.

दाराला कान लावलाय. तिचा श्वास ऐकू येतोय, तुटक. तिच्या शेजारी कुणीतरी आहे — श्वास नाही, पण आहे.

अव्वा, दमानं. हात वर कर. कडी तिथंच आहे.

कडी वाजली — उघडतेय की अजून घट्ट लाव