ब्रेकवरचा अंगठा

तीर्थरूप दादा,

तुझ्या दोन्ही चरणांना (त्यातल्या त्यात उजव्याला जरा जास्त, का ते पुढे कळेलच) धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणतोय खरा, पण सध्या आठांतलं एक अंग उशीवर ठेवायचा हुकूम आहे, तेव्हा सात अंगांचाच मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची कंबर? तुझी शाळेची बस वेळेवर सुटते ना, आणि मागच्या बाकांवरची कार्टी अजून तशीच किंचाळतात का? बूट अंगठ्याला लागतोय असं तू मागे फोनवर म्हणालास, ते थांबलं ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नकोस.

माझा धंदा तुला ठाऊक आहेच. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक. रस्त्यावरचे लोक आणि आमचा शिकाऊ माणूस यांच्यामध्ये जे काही आहे ते म्हणजे माझा उजवा पाय. आता बाकीचे शिक्षक ओरडतात. मी ओरडत नाही, कारण ओरडलं की माणूस घाबरून भलतंच पेडल दाबतो. मी आपला माझा ब्रेक हलकेच वाजवतो, ठक्. तो आवाज आला की आमची मंडळी आपापला ब्रेक दाबतात. (या पद्धतीचं मला फार कौतुक होतं. होतं म्हणतोय, लक्षात घे.) म्हणजे माझ्याकडे शिकणारा माणूस ब्रेक मारतो तो डोळ्यांनी बघून नव्हे, कानांनी ऐकून. मग ठक् झालंच नाही तर? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नाही.

सुरुवात झाली ती आनंदातून. आमच्यात रीत आहे, परीक्षेत पास झालेल्यानं मास्तरला जेवायला न्यायचं. या खेपेला एकाच आठवड्यात बरेच जण पास झाले, त्यामुळे मी ओळीनं कलेजी, मटण आणि वर गोड थंड पेयांच्या बाटल्या रिचवत सुटलो. पाणी पिणं मी धंद्यापायी सोडलेलंच आहे (शिकाऊ माणसाला सिग्नलवर सोडून मास्तर आडोशाला जाऊ शकत नाही). मग एका सकाळी जागा झालो आणि वाटलं, कोणीतरी माझ्या उजव्या पायाचा अंगठा दारात चेंगरलाय. बघतो तर दारही नाही आणि कोणी माणूसही नाही. अंगठ्याचं मूळ लालभडक, गरम, सुजून तुकतुकीत झालेलं. पांघरुणाचं टोक टेकलं तरी जीव कासावीस. ही पंखा लावायला उठली, तर मी म्हटलं नको, वारा लागतो. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी तुला लिहून कळवू शकत नाही.

मी जाहीर केलं, मुरगळलाय. कुठे मुरगळला, कसा मुरगळला, हे तिनं विचारलं. त्यावर मी चिडलो. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकला, तेल लावून चोळला. (दादा, हे दोन्ही करू नये. का ते मी अंगठ्याकडूनच शिकलो.) शेवटी हिच्या धाकानं रक्त तपासलं (युरिक ॲसिड वाढलं की सांधा असा सुजतो, हे तिनं कुठेसं वाचलं होतं), तर ते चक्क नॉर्मल! मी तो रिपोर्ट घरभर नाचवला. मी नाचलो नाही, ते शक्य नव्हतं. रिपोर्ट मिळाला म्हणजे डॉक्टरकडे जायची गरज संपली, असा अर्थ मी लावला. पुढे काही दिवसांत सूज आपोआप उतरली, आणि त्याचं सगळं श्रेय मी तेलाला दिलं. पुन्हा जेवणं सुरू झाली.

दुसऱ्यांदा दुखायला लागलं तेव्हा मात्र मी आधी कॅलेंडर पाहिलं. कारण आमच्या कॅशियरबाईंची परीक्षा तोंडावर आली होती. या बाई बँकेत बसून दिवसभर लोकांच्या सह्या पारखतात, पण गाडीत बसल्या की त्यांचा स्वतःच्या पायांवर विश्वास नसतो. याआधी दोनदा नापास. त्यांना मी नाही म्हणू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर पाय गेला हे कोणाला कळलं तर शिकवण्याचा परवानाही जाईल, ही धास्ती होती. तू म्हणशील, डावा पाय होता की. वापरून पाहिला. आयुष्यभर क्लच दाबलेल्या पायाला हलकेच हा शब्दच माहीत नाही. त्यानं ब्रेक असा दाबला की आम्ही दोघं काचेला नमस्कार करून परत आलो. तेव्हा मी हिची छत्री घेतली. मागच्या सीटवरून सहज उचलल्यासारखी पायांत उभी धरली, टोक ब्रेकवर ठेवलं. ठक्. बाई थांबल्या. मला वाटलं, जिंकलो.

पाण्याच्या टाकीजवळचा तो लांब उतार. दोन्ही बाजूंना दुकानं, खाली रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. बाई बऱ्यापैकी वेगात, आणि पट्ट्यांवर एक म्हातारं जोडपं. आजी पुढे निघाल्या होत्या, आजोबा मधोमध थांबून खिशातून चष्मा काढत होते. निवांत. मी छत्री दाबली. आणि दादा, ही छत्री बटणाची आहे, हे हिनं मला कधी सांगितलं नव्हतं. फाडकन उघडली. माझ्या समोर काळं कापड, बाईंच्या अर्ध्या काचेसमोर काळं कापड, आणि ठक् काही झालंच नाही. बाई त्या आवाजाची वाट बघत होत्या, मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मी छत्री सोडली आणि उजवा पाय ब्रेकवर घातला. अंगठा टेकला मात्र, डोळ्यांपुढे अंधार आला आणि पाय आपोआप मागे आला. मी मनाशी म्हणत होतो दाब, दाब, आणि पाय ऐकत नव्हता. इतका भ्यालो मी आयुष्यात कधी नव्हतो. माझ्या पायाखाली दोन जीव होते, आणि पाय माझा नव्हता.

मग मी किंचाळलो. शब्द वगैरे काही नाही, नुसता आवाज. आणि कॅशियरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी छत्रीच्या कडेवरून समोर पाहिलं आणि आपल्या पायानं ब्रेक दाबला. गाडी आजोबांपासून वीतभर अंतरावर थांबली. आजोबांनी चष्मा चढवला, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "आत पाऊस पडतोय का हो?" आजी मात्र मागे वळून आल्या. त्यांनी आजोबांचा दंड धरला तो पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही. ते मला अजून दिसतं.

बाईंनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली, टॅक्सी थांबवली आणि मला डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी अंगठा नुसता पाहिला आणि मी हात लावू नका म्हणायची वेळही येऊ दिली नाही, तेव्हाच मला त्या पटल्या. सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासलं (त्याबद्दल मी बोलणार नाही) आणि त्यात स्फटिक सापडले. याला गाऊट म्हणतात. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे कण सांध्यात बसतात, आणि अंगठा त्यांची आवडती जागा. मी ऐटीत तो नॉर्मल रिपोर्ट काढला. त्या म्हणाल्या, ऐन दुखण्यात रक्त नॉर्मल येऊ शकतं, दुखणं ओसरल्यावर पुन्हा तपासायचं असतं. सूज आपोआप उतरते, पण आजार जात नाही, तो आत बसून असतो. गरम सांध्याबरोबर ताप आला तर त्याच दिवशी धावत यायचं, कारण ते दुसरं काही असू शकतं. ठणका सुरू झाला की लगेच त्यांनी दिलेली गोळी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि पाय उशीवर. पुढे युरिक ॲसिड उतरवायची गोळी रोज, आणि दुखत नाही म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. पाणी भरपूर. कलेजी आणि गोड बाटल्या बंद. मी विचारलं, गाडीत कधी बसू? त्या म्हणाल्या, पाय जोरात आपटता येईल तेव्हा. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे? मी म्हटलं, छे, आमच्या घराण्यात कोणाला नाही.

तर सध्या वर्ग बंद आहे. कॅशियरबाई पास झाल्या, आता आवाजाची वाट बघत नाहीत. मला जेवायला न्यायला आल्या होत्या, मी त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी प्यालो. वहिनीला नमस्कार.

तुझा,
सात अंगांचा धाकटा

ता. क. छत्रीच्या तीन काड्या मोडल्या. ती तुमच्याकडे विसरली असं मी हिला सांगितलंय. सांभाळून घे.

ता. क. दुसरा. पत्र खरं या कारणासाठी लिहिलंय. डॉक्टरीणबाईंना मी नाही म्हटलं, आणि परतताना मला तुझा बूट आठवला. दादा, ते बूट माझे. मला सैल झाले म्हणून तुला दिले, आणि तुझा पाय माझ्यापेक्षा लहान आहे. ते तुला लागणं शक्यच नाही, म्हणजे दुखतोय तो अंगठाच. वहिनी म्हणत होती, तू दोन दिवस चादरसुद्धा पायावर घेतली नाहीस, आणि तरी बस चालवलीस. माझ्या गाडीत शेजारी दुसरा पाय होता. तुझ्या बसमध्ये तुझ्या पायाशिवाय कोणाचाच पाय नाही, आणि मागे ती सगळी कार्टी. तपासून घे. उद्याच. तोवर बस दुसऱ्याकडे दे.

ता. क. तिसरा. तू हे पत्र वाचून खिशात घालशील हे मला माहीत आहे, म्हणून वहिनीला आधीच फोन केलाय. बसची किल्ली तिच्याकडे आहे. राग आला तर पाय आपट. उजवा आपटता आला, तर मी माफी मागतो.