चार खुर्च्या आणि एक अबोला

ता. ४ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या बेकरीतला नवा ओव्हन आता तरी नीट तापतो का? इकडे माझं डोकं मात्र रोज तापतंय. सातवीला मांडणीची गणितं घेतेय: चार मुलं, चार खुर्च्या, किती प्रकारे बसतील? कुणी दहा ओरडतं, कुणी पन्नास. एकाने तर ‘खूप’ असं उत्तर लिहून खाली दोन रेघा मारल्या! फळ्यावर समजावलं की माना डोलवतात आणि पुन्हा मनाला येईल तसं लिहीत सुटतात. काही मांडण्या दोनदा येतात, काही राहूनच जातात. गुरुवारी मोठ्या बाई माझा तास बघायला येणार. मला शाळेत कायम करायचं की नाही, ते त्यावरच ठरेल.

त्यात वर्गातल्या दोन जिवलग मैत्रिणींनी अबोला धरलाय. चष्मेवाली खिडकीशी बसते, उंचेली दाराशी, आणि मधला वर्ग जीव मुठीत धरून.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. ८ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ओव्हन शहाण्यासारखा वागतोय. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही; पण तुझे भावोजी म्हणाले, फळा सोड म्हणावं, मुलांना खरोखरच खुर्च्यांवर बसव. त्यांचं म्हणणं मला क्वचितच पटतं, म्हणून मुद्दाम कळवते. आणि गुरुवारी पोटभर खाऊन जा. उपाशीपोटी तुला दोन अधिक दोनही पाच वाटतात.

तुझी ताई

ता. १३ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींना पैकीच्या पैकी गुण! हजेरीतून चार नावं काढली, तर नेमक्या त्या दोघी त्यात. शेजारी बसणार नाही, असं दोघींनी बजावलं. नावं बदलणारच होते, पण मोठ्या बाई मागे बसल्या होत्या. तीच चार ठेवली.

मग ठरवलं, पहिल्या खुर्चीवरच्याने हलायचं नाही, बाकी तिघांनीच जागा बदलायच्या. सहा मांडण्या झाल्या, सातवी काही निघेना. पहिल्या खुर्चीवर चौघं आळीपाळीने बसणार, म्हणजे चोवीस, असं एकजण ओरडला. मी म्हटलं, बसून दाखवा.

शेजारी आल्या की दोघी एकमेकींकडे पाठ करायच्या. मध्येच गडबडून मी झालेलीच मांडणी पुन्हा सांगितली. चष्मेवाली ताडकन उठून म्हणाली, ही झालीये बाई, तेव्हा मी हिच्या डावीकडे होते. उंचेली लगेच म्हणाली, हो, आणि माझ्या स्कर्टवर बसली होतीस. वर्ग खो-खो हसला, मग त्याही. पुढच्या मांडण्या दोघींनीच लावल्या, बाकीच्या दोघांना दंडाला धरून हलवत. पंचविसावी कुणालाच सापडली नाही.

मोठ्या बाईंनी विचारलं, या दोघी शेजारी नाहीत अशा किती? दोघी एका दमात म्हणाल्या, बारा, निम्म्याच. जाता जाता मोठ्या बाई मला म्हणाल्या, पुढच्या वर्षी आठवीही तुम्हीच घ्या. ताई, मी तिथेच त्या रिकाम्या खुर्चीत बसले!

तुझी धाकटी

ता. २१ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा केक पोचला आणि शिक्षकांच्या खोलीत क्षणात फस्त झाला. मुळात भांडण कशावरून झालं, असं तू विचारलंस. मलाही राहवलं नाही. काल मधल्या सुट्टीत दोघींना गाठलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि उंचेली अगदी नम्रपणे म्हणाली, बाई, ते आमच्या दोघींतलं आहे.

भावोजींना नमस्कार. आठवण ठेवतेस, तशीच ठेवत राहा.
तुझी धाकटी