पोथीपेक्षा उंच आसन

माघ शुद्ध दशमी, सायंकाळ

माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली; आता रोग परतू नये म्हणून रोजची गोळी. तिने सांधे इतके आखडले की पारायणाला मांडी घालवत नाही. खुर्चीवर बसावे, तर पोथी खाली राहते. ते मनाला कसे पटावे?

आज डॉक्टरांना विचारले, गोळी बदलावी का?

"दुसरीनं सांधे कमी दुखतील, पण रक्तात गुठळीचं भय. शिवाय पाळी गेलेल्यांत रोग रोखायला हीच थोडी सरस."

मग केवळ मांडीसाठी जीव पणाला लावावा?

घरी आल्यावर सूनबाईला हे सांगितले, तर ती हसली. "आत्याबाई, तुमाला खाली बसवंना, तर पोथीलाच वर घेऊ की! तिचे कुठं गुडघे दुखतेत?"

तिने टेबलावर चौरंग मांडून त्यावर पोथी ठेवली. मी खुर्चीत बसून अध्याय वाचला, मान किंचित वर करून. मग गोळी घेतली. तीच.