हिरव्यावर हिरवं

३ ऑगस्ट

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या महिन्यातच उरकलं. आता लख्ख दिसतं, तेव्हा काळजीचा पाढा पुरे. अक्षर तिरकं आलंय ते डुगडुगत्या टेबलामुळे.

मी आणि टेलरमास्तर, दर रविवारी न पाहिलेली एक बाग, हा नेम चालू आहे. परवाची एकोणिसावी. तिथली पाटी बघून माझं डोकंच फिरलं. हिरव्या पाटीवर हिरवीच अक्षरं! बागेचं नावसुद्धा वाचता येईना. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या, पण असला गाढव रंगारी पाहिला नाही. दिसतं ते कोपऱ्यातलं टोपी घातलेलं पांढरं बदक तेवढं.

लोभ आहेच, रागावणं तेवढं कमी कर.

तुझा दादा

९ ऑगस्ट

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

ते टोपीवालं बदक मी काढलंय. पंधरा वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. तू हात धुवायला गेलास, डब्यात पांढरा रंग उरला होता. तू बाहेर यायच्या आत बागेची माणसं पाटी उचलून गेलीसुद्धा. ओरडशील म्हणून आजवर बोलले नाही. ती पाटी तुझी आहे, दादा. स्वतःच्याच अक्षरांना शिव्या घातल्यास.

म्हणजे ऑपरेशन झालेलं नाही. महिन्याभरात केलं नाही तर हाही डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. जास्त लिहीत नाही, कारण हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय ते मी ओळखून आहे. मास्तर, तुम्हीसुद्धा?

मी अठराला येतेय. माया असेल तर त्याआधी खरं लिही.

तुझी चिमणी

१३ ऑगस्ट

चि. चिमणीस आशीर्वाद, आणि कान पकडून माफी.

उजव्याचं ऑपरेशन झालं आणि डोळाच गेला. डावाही तसाच गेला तर? या भीतीने दोनदा तारीख चुकवली. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. मास्तर हात धरून नेतो, बाग सांगतो, मी ऐकतो.

त्याला तांबडं-हिरवं एकच दिसतं. तुझ्या लग्नातल्या लाल ब्लाउजला हिरवी बाही लागली ती उगाच नव्हे. त्याला स्वतःला याचा पत्ता नाही. गिऱ्हाईक भांडलं की म्हणतो, तुमचीच नजर अधू. गुंता नको असं सांगून त्याच्या रिळांवर मीच रंगांच्या चिठ्ठ्या लावत आलोय. तुझं पत्र वाचून तो म्हणाला, असली पाटी तू रंगवलीस? मी मान डोलावली. त्याला कळू देऊ नकोस. म्हणून हे चाचपडत स्वतः लिहून शेजारणीकरवी पेटीत टाकतोय.

वीस तारीख घेतलीय. फार भीती वाटते गं. पण माझी अक्षरं मला बघायचीत. तू ये.

दादा

१४ सप्टेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद. ओळी बघ, सरळ आल्यात.

तू गेल्यावर पहिल्याच रविवारी नेम मोडून त्याच बागेत गेलो. लाल अक्षरं, जरा विटलेली, पण एक टवका उडालेला नाही. ऊर भरून आला. तुझं बदक मात्र किटलीसारखं दिसतं.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. म्हणाला, सांगितलं होतं ना मी, हिरव्यावर हिरवं?

मी म्हटलं, अगदी तस्सं. गाढवच होता रंगारी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा