पायरीवरची काजं

प्रिय मास्तर,

तुम्ही पुतण्याकडे राहायला गेलात त्याला आज सव्वा महिना झाला. हे पत्र मी आधी दोनदा कच्चं लिहिलं आणि एक-दोन शब्द मी नावाच्या पाट्या कोरतो त्या दुकानाच्या मालकांना विचारून घेतले. ते म्हणाले, "अरे, पत्र आहे, पाटी नव्हे. चुकलं तर खोड की." पण पितळेवर लोकांची नावं कोरून कोरून मला आता कागदावरही हात जपूनच चालवायची सवय लागली आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. शुद्धलेखन जे काही आलं ते तुमच्यामुळे, आणि ते कसं आलं हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत. मीही नाही. आज लिहितो.

बाबा जहाजावर कामाला गेले आणि दोन वर्षांनी त्यांची पत्रं थांबली. त्यानंतर तुम्ही आमची पुढची खोली भाड्यानं घेतलीत, शिवणयंत्र मांडलंत, आणि गल्लीला बोलायला विषय मिळाला. नवरा बेपत्ता, घरात परका पुरुष. मी चौदा वर्षांचा होतो. पोरं मला 'दोन बापांचा' म्हणून चिडवायची. एका दुपारी मी तुमच्या कापड बेतायच्या टेबलावर, तुमच्याच खडूनं, मोठ्या अक्षरात 'वेभीचारी' असं लिहिलं आणि पळालो. संध्याकाळी भीत भीत परतलो तर शब्द जागच्या जागी होता. त्याखाली तुमच्या अक्षरात लिहिलं होतं : व्यभिचारी. आणि त्याच्याही खाली : अर्थ कळला तरच वापरायचा.

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही मला समोर बसवलंत आणि मोठ्या माणसाला सांगावा तसा, काही न झाकता अर्थ सांगितलात. लग्नाचं वचन एकाला दिलेलं असताना शरीरानं दुसऱ्याचं होणं. मग म्हणालात, "तुझी आई मला आवडते. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण ती कोणाची तरी बायको आहे, आणि तो माणूस आहे की गेला, हे कोणालाच ठाऊक नाही. आवडणं माझ्या हातात नव्हतं. वागणं आहे."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी पोलिसासारखा तुमच्यावर पाळत ठेवून होतो. तुम्हाला ते कळत असणारच. मी घरी नसलो की तुम्ही आत थांबायचा नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसून शर्टांना काजं करायचात, ऊन असो की थंडी. शेजारच्या मावशी जाता-येता टोमणा मारायच्या, "काय मास्तर, अंडी उबवताय की काय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पहिलं पिल्लू तुम्हालाच देतो." देवळातले गुरुजी प्रार्थनेनंतर लग्नाच्या पावित्र्यावर तास तासभर बोलायचे. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते पायरीवर बसून सुईत दोरा ओवणारे तुम्ही. धर्म पाळणं म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

पण सगळं कौतुक तुमचंच केलं तर आईवर अन्याय होईल. मागे एकदा मी तिच्यापुढे तुमची अशीच स्तुती करत होतो. ती भांडी घासत होती. हातातलं पातेलं आपटून म्हणाली, "मास्तरांचा संयम तेवढा मोठा, आणि माझा काय वाऱ्यावर आलाय?" इतकी वर्षं मी फक्त पायरीकडे पाहत होतो. आत कोण बसलंय, हे पाहिलंच नव्हतं.

मग जहाज कंपनीचं ते पत्र आलं. बाबा सहा वर्षांपूर्वीच एका परक्या बंदरातल्या इस्पितळात वारले होते. म्हणजे तुमच्या अकरा वर्षांतली सहा वर्षं तुम्ही दोघं एका मेलेल्या माणसाचा मान राखत होतात. गुरुजी स्वतः घरी आले आणि म्हणाले, आता धर्माची काही आडकाठी नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "माझा बाप एकच."

चौथ्या दिवशी शिवणयंत्र टेम्पोत चढलं. पुतण्याला हाताखाली माणूस हवाय, असं तुम्ही सांगितलंत. तुमच्या पुतण्याचं किराणा दुकान आहे, मास्तर. तिथे शिंपी कशाला लागतो?

माझं वाक्य खरंच होतं, ते मी मागे घेत नाही. पण ते तुम्हाला लागावं म्हणूनच मी बोललो होतो, हेही तितकंच खरं. बाबांसाठी रडायला मला त्या दिवशी कोणीतरी दोषी हवा होता, आणि तुम्ही समोर होतात. याची मला लाज वाटते.

तुम्ही विचारणार नाही आणि आई तुमच्या दारात येणार नाही, एवढं या सव्वा महिन्यात मला कळलं. मुलीकडचं वडीलधारं म्हणावं असं घरात आता मीच उरलोय. म्हणून रीतसर लिहितो : माझ्या आईसाठी मी तुम्हाला मागणी घालतो आहे. मुलगी सेहेचाळीस वर्षांची, तब्येतीनं ठणठणीत, जिभेनं जरा तिखट. पदरी एक मुलगा आहे, कमावता. तिला मी आधी विचारलं. ती हसली, मग बराच वेळ आत जाऊन बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "लिही. पण तुझ्या मनाचं म्हणून लिहू नकोस. मी सांगितलंय असं लिही." तेव्हा तसं लिहितो. होकार असेल तर उत्तर पाठवू नका, निघून या. नकार असेल तरीही या, आणि तो तिला तोंडावर सांगा. तो निरोप मी पोचवणार नाही.

तुमचाच,
तिचा मुलगा