चपळा ब्रॉडबँड आणि माझं अर्धवट पोचलेलं वाक्य

नागपूर,
मे महिना (तापमान विचारू नये)

ती. सिंधूताईस,

धाकट्या प्रेमानंदचा आदरपूर्वक जयभीम. भाऊजींची कंबर आता कशी आहे? आणि तुझं बीपी? (रागानं ते वाढतं असं डॉक्टर म्हणतात, म्हणून मुद्दाम विचारतो.) आम्ही इकडे ठीक, म्हणजे कूलरसमोरून उठलो नाही तर ठीक. तू माझा फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नोकरीचा अर्ज का?" म्हटलं, बहिणीला पत्र. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

त्या रविवारी काय झालं ते सांगतो. उन्हात येऊ नका, पहिलं बोलणं व्हिडिओवर करा, हे तूच सुचवलं होतंस. तू आणि भाऊजी तुमच्या रामटेकातच रविंद्ररावांच्या घरी, शेजारी त्यांची मयुरा. इकडे मी, मेघा आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला आमचा नवरदेव प्रशिक (खाली बर्म्युडा होता, पण कॅमेऱ्याला काय कळतं). रविंद्ररावांनी विचारलं, "मंग, पसंत हाय ना आमची पोरगी तुमाले?" मी म्हणालो, "नाही म्हणायचं काही कारणच नाही साहेब, इतकी गुणाची पोरगी आमच्या घरी येते हे आमचं भाग्य." ताई, हे अख्खं वाक्य मी बोललो, घरातल्या दोघांची साक्ष आहे. तुमच्याकडे त्यातलं फक्त "नाही" पोचलं आणि पुढे माझं चित्र गोठलं. तेही कुठे गोठावं? दाढेत अडकलेली सुपारी मी जिभेनं काढत होतो, नेमकं तिथे. तुम्हाला वाटलं मी पोरीला पाहून तोंड वाकडं केलं. आमच्याकडे तुम्ही सगळे गोठलात, भाऊजींचा हात पेढ्यांच्या ताटावर. आम्हाला वाटलं, आनंदानं स्तब्ध झाले. आम्ही तिघं त्या चित्राला हात जोडून हसत बसलो. तेवढ्यात चित्र न हलता तुझा आवाज आला, "मंग काहून वेळ घातला गा आमचा? थोबाड पाहा कसं केलं त्यानं!" आणि सगळं बंद.

हा पराक्रम आमच्या चपळा ब्रॉडबँडचा. (आमच्या लेआऊटमधल्या घराघरात लाडानं 'चप्पल' म्हणतात.) कंपनी फार दयाळू आहे. इंटरनेट अमर्यादित देते, फक्त त्याला एक मर्यादा घालून दिली आहे. महिना निम्मा झाला की ती मर्यादा संपते, आणि मग ग्राहक दमून जाऊ नये म्हणून कंपनी वेग कमी करते. मेघा मोबाईलवर एखाद्या नव्या भाजीचा व्हिडिओ लावते. त्यातली फोडणी तडतडेपर्यंत आमची जेवणं होऊन भांडी पालथी पडलेली असतात. प्रशिक घरून ऑफिसचं काम करतो. त्याचे साहेब त्याला सध्या फक्त "हॅलो, हॅलो" या नावानं ओळखतात. तक्रार करावी तर फोनवरची मुलगी अतिशय गोड आवाजात सांगते की तक्रार अॅपवर नोंदवा. अॅप उघडायला इंटरनेट लागतं, हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

शेवटी लेआऊटच्या लोकांनी मोर्चा काढायचं ठरवलं. ताजा जखमी मीच असल्यामुळे पुढारीपण माझ्याकडे आलं. घोषणा शेजारच्या रुपरावांनी दिल्या : "स्पीड द्या, नाहीतर खुर्ची सोडा!" (कोणाची खुर्ची ते विचारू नको. रुपराव जन्मभर युनियनमध्ये होते, त्यांच्या प्रत्येक घोषणेत एक खुर्ची असतेच.) डोक्याला दुपट्टे बांधून आम्ही कंपनीच्या ऑफिसवर धडकलो. मॅनेजर गणपतराव स्वतः हात जोडून बाहेर आले. "बाप्पा, इतक्या उन्हात काहून उभे हा? या ना अंदर, आतमधी घोषणा द्या!"

आत एसी. हातात गार मठ्ठा. आणि भिंतीवर ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड, मोठ्या अक्षरांत.

ताई, क्रांती इतक्या शांतपणे विझलेली मी पाहिली नव्हती. दोन घोषणा झाल्या आणि मग ज्याची त्याची मान खाली, मोबाईलमध्ये. रुपरावांना परदेशातल्या नातीचा चेहरा पहिल्यांदाच चौकोनांशिवाय दिसला. ते डोळे पुसत बसले. पुढारी या नात्यानं वेग तपासणं मला भाग होतं, म्हणून मी एक जुना क्रिकेट सामना पूर्ण पाहिला. संध्याकाळी गणपतरावांनी नम्रपणे विचारलं, "तुमची मागणी काय हाय?" रुपराव म्हणाले, "उद्या ऑफिस किती वाजता उघडते?"

तेव्हापासून आमचं आंदोलन बेमुदत झालं. लोक डबे घेऊन येऊ लागले.

मग एक दिवस मेघा तिथे आली. दारातूनच म्हणाली, "मोर्चा करून राहिले का पिकनिक? तिकडं पोराचं लग्न मोडून राहिलं अन् तुमी मठ्ठा पिऊन राहिले!" तिच्यामागे लेआऊटमधल्या सगळ्या बायका, आणि त्यांच्यामागे ई-रिक्षा. घराघरातले चपळाचे वायफायचे डबे तारांसकट उपटून त्यात भरून आणले होते. ते सगळे त्यांनी गणपतरावांच्या टेबलावर ओतले. मेघा म्हणाली, "घ्या तुमची चप्पल. दुसऱ्या कंपनीची गाडी लेआऊटच्या गेटवर उभी हाय, आमी चाललो." एसीमध्ये बसलेल्या माणसाला घाम फुटलेला मी पहिल्यांदा पाहिला. दिवेलागणीच्या आत आमच्या अख्ख्या लेआऊटवरची मर्यादा उठली. विजयाचं भाषण अर्थातच मी केलं. (अर्ध्यावरच मेघा घरी निघाली, म्हणून आवरतं घेतलं.)

आता थट्टा राहू दे. आई गेल्यावर आम्हाला तूच आईच्या जागी. स्थळ तू आणलंस, आणि माझ्यापायी त्या घरात तुझी मान खाली गेली, हे मला फार लागलं. येत्या रविवारी ऊन असो की आग, मी बसनं येतो. रविंद्ररावांसमोर बसून ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलतो, तोंडात सुपारी न ठेवता. तू फक्त दार उघड.

भाऊजींना जयभीम.

तुझाच
प्रेमानंद

ता. क. : हे पत्र मेघानं वाचलं आणि पोट धरून हसली. मयुरानं म्हणे त्याच दिवशी प्रशिकला साधा फोन केला होता : "तुमच्या बाबांच्या दाढेत काही अडकलं होतं का?" तेव्हापासून दोघं रोज गच्चीवरून बोलतात. होकार देऊन झाला, रविंद्ररावांनाही कळलं, त्यांनी हॉलसुद्धा पाहून ठेवला. म्हणजे भांडायला फक्त तू आणि मी उरलो होतो.

आणखी एक ता. क. : गणपतरावांना माझं पुढारीपण पसंत पडलं. चपळाची लाइन आता रामटेकला येते आहे आणि तिकडच्या ग्राहकांसाठी त्यांनी मला सल्लागार नेमलं आहे. पहिलं कनेक्शन माझ्या बहिणीकडे लागेल, असा शब्द मी देऊन बसलो. सोमवारी त्यांचा माणूस कागद घेऊन येईल. सही करून टाक. वाचत बसू नको.